अप्पाने नंबर घातलेली झाडं

मी गाव सोडलं त्या सकाळी बस आमच्या दारासमोर थांबली. तिथे थांबा नव्हता, थांबा पुढे देवळापाशी होता. पण धारवाड–अळणावर रस्त्यावर माझ्या अप्पाला न ओळखणारा ड्रायव्हर त्या काळी नव्हता. माझे वडील रस्तेखात्यात गँगमन होते. एका बाजूला डांबर ओतलेलं असलं की हातात लाल फडकं घेऊन अप्पा रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा आणि ड्रायव्हर शिव्या देत का होईना, थांबायचे. त्या दिवशी त्याने नुसता हात वर केला. ट्रंक टपावर गेली, अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं मांडीवर दिलं आणि अप्पा खिडकीशी येऊन म्हणाला, "हुबळीत रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघ." जन्मभर रस्त्यावर काढलेल्या माणसाकडे मुलीला सांगायला एवढंच होतं. त्याच्या पायांना डांबर लागलं होतं आणि अख्खी बस आमच्याकडे बघत होती. मला लाज वाटली. मी हो म्हटलं, पण त्याच्याकडे न बघता.

लोक गाव सोडून दुबई-अमेरिकेला जातात. मी दोन बस बदलून हुबळीच्या विद्यानगरला गेले, तेवढंच माझं स्थलांतर. पण अंतर मैलांत मोजायचं नसतं हे मला तिथल्या हॉस्टेलवर कळलं. तिथे मी "वडील खात्यात आहेत" असं सांगायचे आणि खात्यात कोण आहेत ते सांगायचे नाही. सिव्हिलचा डिप्लोमा झाला, कोप्पीकर रोडवर एका रस्ते आखणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं. हुबळीत फ्लॅट झाला. गावाकडे रविवारी जाणं हळूहळू सणावारी जाणं झालं.

गावच्या शाळेची स्मरणिका निघणार आहे आणि मास्तरांनी मला फोन करून सांगितलं, "अक्का, तू रस्त्यांची इंजिनियर. आपल्या रस्त्यावर तूच लिही." मी इंजिनियर नाही, डिप्लोमावाली आहे. पण गावाने एकदा पदवी दिली की परत घेत नाही. मी लिहायला बसले आणि पहिली दोन पानं फार छान झाली.

त्यात मी लिहिलं होतं की हा रस्ता आधी नुसती गाडीवाट होता. जंगलातलं सागवान बैलगाड्यांतून धारवाडला जायचं, घाटाखालून मीठ आणि सुकी मासळी वर यायची. मग खडी आली, रोलर आला, डांबर आलं. मैलाचे दगड गेले, किलोमीटरचे आले. रस्ता राज्य महामार्ग झाला तेव्हा दगडांची डोकी हिरवी रंगवायचा हुकूम आला आणि आमच्या गावाच्या दोन्ही अंगांचे दगड अप्पाने रंगवले. हिरवा रंग त्याच्या नखांत कितीतरी दिवस होता. गँगला रस्त्याचा एकेक तुकडा वाटून दिलेला असायचा. खड्डे बुजवायचे, पावसाआधी गटारं उपसायची, कडेचं गवत कापायचं. आमच्या गावापासून ओढ्याच्या पुलापर्यंतचा तुकडा अप्पाच्या गँगचा. तो निवृत्त झाला तरी त्याच्या लेखी तो त्याचाच होता.

आणि झाडं. गाडीवानांना सावली मिळावी म्हणून जुन्या लोकांनी दोन्ही बाजूंनी चिंचा, आंबे, जांभळं लावली होती. प्रत्येक झाडाला नंबर असायचा. कोयत्याने साल तासून पांढरा चौकोन काढायचा आणि त्यावर काळ्या रंगाने आकडा घालायचा. खातं दरवर्षी फळांचा लिलाव करायचं, त्यासाठी हे नंबर. नंबर असलेल्या झाडाची फांदीसुद्धा तोडायला लोक भ्यायचे, कारण ते सरकारचं. वादळात झाड पडलं तर त्याचा नंबर दुसऱ्या झाडाला द्यायचा नाही, असा अप्पाचा कडक नियम होता. पुढे लिलाव बंद पडले, आकडे फिके झाले आणि चिंचा गावाच्या झाल्या. कुठली चिंच कुणाच्या घरची, हे न सांगता ठरून गेलं.

तिसऱ्या पानावर मी अडले, कारण पुढचं सांगायचं तर माझ्याबद्दल सांगावं लागतं. ती दोन पानं मी बाजूला ठेवली आणि हे लिहायला घेतलं.

रस्ता रुंद करायचं काम आमच्या ऑफिसात आलं तेव्हा सर म्हणाले, "तू त्याच भागातली ना? झाडांची यादी तू कर." यादी म्हणजे जी झाडं जाणार त्यांची यादी. साइटवर माणसं पाठवून मोजणी करायला वेळ लागला असता, आणि मला सरांना खूश करायचं होतं. माझ्या टेबलाशेजारी एक नवीन मुलगी आली होती, ती माझ्यापेक्षा भराभर ड्रॉइंग करायची. मी म्हटलं, माझ्या वडिलांना त्या तुकड्यातलं झाड न् झाड ठाऊक आहे. त्या ऑफिसात वडिलांचा उल्लेख मी पहिल्यांदा केला आणि तो अशा कामासाठी.

फोनवर मी अप्पाला विचारलं, झाडांचे नंबर अजून दिसतात का?

"फिकं झाल्यात, पण हाईत की," तो म्हणाला. "परत लिलाव सुरू करत्यात होय?"

इथे मी एकच वाक्य बोलायला हवं होतं, की झाडं जाणार आहेत. मी म्हणाले, "यादी करायला सांगितली आहे." यात खोटं काहीच नव्हतं. माझी सगळी लबाडी अशीच असते, एकेक शब्द खरा.

मी फक्त त्याला आठवणारी यादी मागितली होती. पण अप्पा गुडघे धरत उठला, दुकानातून काळा रंग आणला, चुना कालवला आणि तीन दिवस चालत पुलापर्यंत गेला. अव्वा मागून डबा घेऊन. प्रत्येक झाड तासून त्याने आकडे नव्याने घातले. पुलाजवळचं एक कोवळं जांभूळ त्याने निवृत्त झाल्यावर काट्याचं कुंपण घालून वाढवलं होतं, त्याला तर कधी नंबर मिळालाच नव्हता. त्यालाही घातला. शेजारच्या पोरीच्या मोबाईलवरून मला फोटो आले. प्रत्येक फोटोत झाडाशेजारी अप्पा, स्वच्छ सदरा घालून.

गावातल्या लोकांनी त्याला विचारलंच. रंग कशाला लावतोयस? तो म्हणाला, खातं परत झाडांकडं बघणार, आता कुऱ्हाड लावायची कुणाची छाती न्हाई. गावाला बरं वाटलं. कुणीतरी त्याला चहा दिला, कुणी शिडी दिली. आणि त्याच दिवसांत धारवाडच्या कचेरीत भिंतीवर नोटीस लागली होती की ही ही झाडं तोडायची आहेत, कुणाची हरकत असेल तर लेखी द्यावी. गाव एकत्र गेलं असतं तर निदान एका बाजूची वाचली असती. शेजारच्या तालुक्यात तसं झालं होतं, मीच तिथली ड्रॉइंग बदलली होती. नोटिशीची मुदत माझ्या कॉम्प्युटरवर होती. मी फोन केला नाही. रोज उद्या करू म्हणाले.

यादीवर सर खूश झाले. एवढंच म्हणाले की मधले आकडे का गाळलेत? मी सांगितलं, ती झाडं पूर्वीच पडली आहेत. ते म्हणाले, सलग कर. मेलेल्या झाडांचे नंबर मी जिवंत झाडांना वाटून टाकले. पाच मिनिटांचं काम होतं.

झाडं पडायला लागली तेव्हा अव्वाचा फोन आला. "अगं, ह्यांनी नंबर घातलेलीच पाडायलेत." मी म्हणाले, मीटिंगमध्ये आहे, मग करते. मीटिंग नव्हती. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. नंतर तोंड धुऊन जागेवर बसले.

पंधरा दिवसांनी गेले. बसमधून उतरले तर मला आधी माझं गाव ओळखू येईना. इतका उजेड मी तिथे कधी पाहिला नव्हता. थांब्यावरची चिंच गेली होती आणि तिच्याखाली चहा विकणारी गंगव्वा ताडपत्रीखाली बसली होती. मला बघून तिने हाक मारली, "बा अक्का, कूड." ये, बस. मी बसले. तिने चांगल्या कपात चहा दिला. ती कानडीतच बोलते. म्हणाली, "तुझ्या अप्पाला कुणीतरी खात्यातल्या माणसाने नंबर घालायला सांगितलं म्हणे. आणि ह्यानेही काही न विचारता घातले. आम्ही विचारलं तर आम्हालाही फसवलं. वय झालं, अक्कल गेली त्याची. लोक फार बोलले त्याला. तुला काय ठाऊक म्हणा, तू तिकडे हुबळीत."

खात्यातला कुठलाही माणूस आलेला नव्हता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, गंगव्वा समोरच होती, दुसरं कुणी नव्हतं. मी चहा संपवला आणि तिला म्हणाले, "होय गं, वय झालंय त्याचं."

हे वाक्य मी लिहिलं खरं, पण ते लिहायला मला चार दिवस लागले.

अप्पा सोप्यात बसला होता. जेवलीस का, पोरं कशी आहेत, सगळं विचारलं. झाडांचं काही नाही. मी दिसल्यावर अव्वा आत गेली ती बाहेर आली नाही. शेवटी मीच म्हणाले, "अप्पा, खात्यातला माणूस कुठं आला होता? मी सांगितलं होतं तुला. आणि मला सगळं ठाऊक होतं."

"तसं वाटलंच मला," तो म्हणाला. "पहिलं झाड पडलं तवाच."

"मग माझं नाव का नाही सांगितलंस?"

त्याने पाय लांब करून गुडघा चोळला. मग म्हणाला, "मला बोलू देत की. मी हितंच ऱ्हाणार. आज शिव्या देतील, उद्या तंबाखू मागतील. तू पाहुणी. पाहुण्याला बोललं की पाहुणं परत येत न्हाई."

तो रागावला नव्हता. हिशेबाने सांगावं तसं सांगत होता. मी रडले तेव्हा त्याने अव्वाला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं. तांब्या-भांडं आलं, खाली ताटलीसकट. लहानपणी मी माठातून ओंजळीनं पाणी प्यायचे त्याच घरात.

आता मी दर रविवारी जाते. रस्ता फार सुंदर झाला आहे, पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर पोचते, माझ्यासारख्यांना अगदी सोयीचा. गंगव्वा चांगल्या कपात चहा देते. मास्तर मुलांना सांगतात, बघा, आपल्या गावची मुलगी रस्ते बनवते. सगळे माझी चौकशी करतात. अप्पा मात्र थांब्यापर्यंत येत नाही. पूर्वी दिवसातून दोनदा यायचा. गुडघा दुखतो म्हणतो. तंबाखू मागायला अजून कुणी आलेलं नाही, हे मी अव्वाकडून काढून घेतलं. त्याचा हिशेब चुकला.

तेव्हा मंडळी, रस्त्याचा इतिहास तुम्ही दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्या, किंवा अप्पाकडून सांगून घ्या, त्याला दगड न् दगड पाठ आहे. माझ्याकडे छापायला एवढंच आहे. नंबर घालायला मी लावलं. नोटीस मला ठाऊक होती. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला माझी नोकरी आणि शाबासकी तुमच्या सावलीपेक्षा मोठी वाटली. अप्पाला मी सांगितलं नाही, त्याने विश्वासाने केलं. आणि नंतर त्याला बोल लागत असताना मी गंगव्वाचा चहा पीत होय म्हणाले.

स्मरणिका निघायला वेळ आहे. तोवर वाट बघणं म्हणजे पुन्हा उद्या करू म्हणणंच होईल. म्हणून येत्या रविवारी मी हा कागद घेऊन गंगव्वाच्या ताडपत्रीखाली बसणार आहे आणि जो येईल त्याला वाचून दाखवणार आहे. माझ्यासारखे जे बाहेर गेलेत त्यांना मी काय सांगू? तुमचं गाव तुम्हाला फार मान देत असेल तर घाबरा.

मला बोला. अप्पाला जे जे बोललात ते सगळं मला बोला, एक शब्द गाळू नका, माझ्या तोंडावर बोला. मी पुढच्या रविवारी परत येईन.