लांब बीप

आमचे हे बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतात, आणि तेही कानाने. "स्क्रीन काळी पडली तरी मदरबोर्ड मुका नसतो," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतात. एक छोटा बीप आला की सगळं ठीक. लांब बीप पुन्हापुन्हा आले, तर रॅमची पट्टी नीट बसलेली नाही. ती काढायची, तिची सोनेरी कड खोडरबराने घासायची आणि खटकन परत बसवायची. काउंटरवर बसून बसून मलाही हे पाठ झालंय.

गेलं वर्षभर घरी मी तीनदा हाक मारते, तेव्हा कुठे एकदा 'ओ' येते. मी आपली चिडायचे, की या माणसाला बायकोचं तेवढं ऐकू येत नाही!

काल एक शिक्षिका मशीन घेऊन आल्या. यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळीच राहिली. हे वाकून ऐकत राहिले आणि मान हलवून म्हणाले, "मॅडम, मदरबोर्ड गेला. आवाजच नाही."

त्या गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. कारण टेबलावर ते मशीन लांब बीप देत केव्हाचं बोंबलत होतं.

गिऱ्हाइकासमोर काय बोलणार? मी खोडरबर उचलून यांच्या हातात ठेवलं. ते रबराकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. चेहरा खर्रकन उतरला.

"कधीपासून वाजतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

मीही तितक्याच हळू म्हटलं, "बटण दाबल्यापासून."

"काय?" ते म्हणाले.