वर्दी नेण्याआधी

भिंगारच्या लष्करी छावणीच्या बाजारात वर्द्या शिवणारा एक शिंपी होता. शाळेत शिकवून झालं की मी त्याच्याकडे टेकायचो. तोंडात टाचण्या धरून तो काम करायचा, त्यामुळे त्याचं बोलणं दोन-तीन शब्दांत आटपायचं. रेडिओ मात्र दिवसभर चालू असे.

त्या हिवाळ्यात कैरोतले विद्यार्थी सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, पोलीस त्यांना धरून नेत होते. इथं छावणीत लष्करी शिक्षण घ्यायला आलेला एक इजिप्शियन अफसर तेव्हाच मायदेशी निघाला होता. तो नवी वर्दी न्यायला आला. शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि वर्दी हातातच धरून म्हणाला, "साब, ये पहनके उन बच्चों पे गोली मत चलाना."

मी घाबरलो. साहेब चिडला असता तर छावणीचं सगळं काम गेलं असतं.

अफसरानं नजर खाली वळवली. मोडक्या हिंदीत म्हणाला, "मेरा छोटा भाई उन में है."

शिंप्यानं त्याला स्टूल दिलं, चहा मागवला. चहा पिऊन अफसरानं वर्दी घेतली.

तो गेल्यावर शिंप्यानं मला विचारलं, "गुरुजी, म्या त्याला लई दुखावलं का हो?"

पंधरा वर्षं नागरिकशास्त्र शिकवत होतो, पण कुठल्याही वर्दीवाल्याशी मी इतकं सरळ बोललो नव्हतो.