नातवाच्या काविळीची मोजणी

माझ्या नातवाची कावीळ मी दीड दिवसात पावणेचार इंच उतरवली होती.

(हसू नका. सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली आहे. मोजमापात माझी चूक होत नाही!)

बाळ चार दिवसांचं होतं. सकाळी आंघोळ घालताना बायको म्हणाली, “अहो, पोट्टा पिवळा दिसून राहिला.” मी तडक आमच्या चौबे कॉलोनीतून भनपुरीला स्कूटर हाणली. तिथे एक भैया काविळीची माळ देतात. काड्यांची, मंतरलेली. कावीळ उतरते तशी ती लांब होत जाते म्हणे.

“गळ्यात नाही घालू देणार मी,” सून पल्लवी म्हणाली. “बाबा, डॉक्टरले दाखवू ना. पायापर्यंत पिवळा झाला तो.”

“नव्या पोट्ट्यांले होतेच थोडी! तू काहून घाबरून राहिली?”

भैयांना फोन केला. पाळण्याला बांधली तरी चालते, म्हणाले. बांधली! संध्याकाळी टेप लावली, तर माळ एक इंच वाढलेली. सकाळी अडीच. दुपारी पावणेचार! मी तक्ता करून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. नागपूरच्या व्याह्यांनी टाळ्या पाठवल्या.

“बाबा, तो उठूनच नाही राहिला. दूध तोंडात घेते अन् झोपून जाते.”

“मंग चांगलंच आहे ना! आराम पडून राहिला त्याले.”

हे वाक्य लिहिताना आजही लाज वाटते. तो शांत नव्हता, मलूल झाला होता.

पल्लवीने बाळाला दुपट्यात गुंडाळलं, ऑटो बोलावली. “तुम्ही माळ पाहा, मी पोट्ट्याले पाहते.” मी मागोमाग चढलो. (टेप आणि तक्ता घेऊन!)

शंकर नगरच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाचं कपाळ बोटाने दाबलं, मग छाती, मग तळवा. बोट उचललं की खालची कातडी पिवळीधमक. रक्त तपासलं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, फार वाढलं होतं. “तुरंत भरती कीजिए.”

मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, हे त्यांचं मोठेपण.

“अंकलजी, काड़ी सूखती है, गाँठ ढीली होती है, तो माला लंबी हो जाती है. बच्चे के खून से उसका क्या लेना-देना? ये बताइए, कल से दूध कितनी बार पिया? पेशाब कितनी बार?”

माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

“दूध पाच वेळा, तेही जरा जरा,” पल्लवी म्हणाली. “शू दोनदाच.” घरात ती हेच सांगत होती. मी एकदाही नीट ऐकलं नव्हतं.

अजून उशीर झाला असता तर मेंदूवर परिणाम झाला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नातू आता घरभर धुडगूस घालतो.

बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली ठेवलं. काही मदत करावी म्हणून मी तीनदा दारातून डोकावलो. तिसऱ्यांदा नर्स बाहेर आली. “दादाजी, आप यहाँ बैठिए. और कुछ मत कीजिए.”

बसलो. दोन दिवस काहीही केलं नाही. नातवाच्या काविळीवर माझा तेवढाच एक इलाज लागू पडला!