अलगद सुटणारी पट्टी

हॉस्पिटलच्या ड्रेसिंगच्या खोलीत एकतीस वर्षं काढलेल्या त्या नर्सला सगळे हळूताई म्हणत. हे नाव एका रोग्यानेच ठेवलं होतं. जखमेला चिकटलेलं गॉज बाकीच्या नर्स एका हिसक्यात ओढून काढत. कामाचा रेटाच तसा असे. हळूताई मात्र त्यावर मिठाचं पाणी थेंबथेंब सोडत बसायच्या आणि चिमट्याने एकेका कडेपासून पट्टी सोडवायच्या. बाहेर रांग कुरकुरायची. मोठ्या सिस्टर दारातून डोकावून विचारायच्या, "अहो, जखम बांधताय की भरतकाम करताय?"

"त्याला दुखायचं तेवढं दुखून झालंय, आता माझी भर कशाला?" हे हळूताईंचं ठरलेलं उत्तर.

पण कितीही हळू काढलं तरी गॉजला नव्या कातडीचा पापुद्रा लागून यायचाच. शरीराने चार दिवसांत कमावलेलं मिनिटभरात कचऱ्याच्या डब्यात जायचं. ते पाहून हळूताईंना घरी जाऊन जेवण गोड लागत नसे.

निवृत्त होऊन तीन महिने झाले असतील. भाजलेल्यांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत त्या आणि एक रसायनतज्ज्ञ मिळून नवी पट्टी तयार करत होते. पातळ, जेलीसारखी, आत चांदीचे अतिसूक्ष्म कण. तिने जंतू मारायचे, जखम ओलसर ठेवायची आणि कातडीला चिकटायचं नाही, असा बेत. राजीखुशीने सही करणाऱ्या रोग्यांवर चाचणी सुरू होणार होती.

"काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंचं आम्हाला कळतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण जखमेतलं तुम्हाला जास्त कळतं, ताई. याल का?"

हळूताईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाले, "जा बाई, जा. घरी बसून माझ्या दाढीच्या कापावरसुद्धा दोन-दोन पट्ट्या लावतेस तू."

पहिल्या फेरीत पाच रोगी होते. पट्टी खरंच चिकटत नव्हती. पू नाही, वास नाही. रसायनतज्ज्ञ खुशीत होता. पन्नाशीचा, अबोल गृहस्थ. पण त्या आठवड्यात चहाला सगळ्यांना स्वतःहून हाका मारू लागला.

हळूताई दर खेपेला जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिची कड पेनाने गिरवून घेत. दहाव्या दिवशी त्यांनी एकेका रोग्याचे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. रेघांवर रेघा बसल्या होत्या. जखमा स्वच्छ होत्या, पण तसूभरही मिटल्या नव्हत्या. कडा पांढुरक्या, निर्जीव दिसत होत्या.

"सुक्याबरोबर ओलंही जळतंय," त्या म्हणाल्या. "औषध जंतूंना मारतंय, पण नव्या कातडीलाही उगवू देत नाहीये. चांदी कमी करून बघा."

रसायनतज्ज्ञाच्या कपाळावर आठी आली. "कमी केली आणि जखम चिघळली तर? जबाबदारी कोण घेणार?"

"ते मला नाही सांगता येणार. मी दिसतं ते सांगितलं."

तो तडक निघून गेला. पण माणूस प्रामाणिक. त्याने काचेच्या बशीत कातडीच्या पेशी वाढवल्या, त्यांच्यावर तीच पट्टी ठेवली आणि चौथ्या दिवशी स्वतः हळूताईंच्या टेबलाशी आला. "ताई, निम्म्याहून जास्त पेशी मेल्यात. तुमचं बरोबर होतं."

मग त्याने चांदी पाव हिश्शावर आणली आणि ती हळूहळू झिरपेल अशी खालच्या थरात घातली. पुन्हा तपासण्या झाल्या, पुन्हा हॉस्पिटलच्या समितीची परवानगी आली. यात आठ महिने गेले.

दुसऱ्या फेरीतला पहिला रोगी होता बेकरीवाला. भट्टीतला तापलेला पत्रा हातावर पडून मनगटाच्या वर तळव्याएवढं भाजलं होतं. अंगाने पहिलवान, पण खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाला, "सिस्टर, भाजलं तेव्हा हूं की चूं केलं नाही मी. पण पट्टी काढायची म्हटलं की घाम फुटतो."

"पाच दिवस हातच लावायचा नाहीये," हळूताईंनी त्याची समजूत घातली.

तिसऱ्याच दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. त्याला रात्रीपासून सणसणून ताप होता, हुडहुडी भरली होती.

डॉक्टरीणबाईंनी त्याला ताबडतोब बोलावलं. हळूताई हातमोजे घालत होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, त्यांच्या मनात आलं. कोणी विचारलं होतं आपल्याला? या भल्या माणसाचा हात आता आपल्या शहाणपणापायी सडला तर? रसायनतज्ज्ञ दाराला टेकून उभा होता. त्याच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. पण 'बघा, मी म्हणालो होतो' असं काही तो बोलला नाही.

"उघडा, ताई," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या.

बेकरीवाल्याने डोळे गच्च मिटून घेतले. हळूताईंनी चिमट्याने एक कोपरा उचलला. तापलेल्या दुधावरची साय निघावी तशी पट्टी वर आली. खाली ओली, लालसर-गुलाबी जखम, आणि तिच्या कडेने तांदळाच्या दाण्याएवढी नवी कातडी आत सरकलेली. हळूताईंनी वाकून वास घेतला. आजूबाजूचा हात दाबून पाहिला. लाली नाही, सूज नाही, गरमही नाही. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला. पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

"इथे काही नाही," त्या म्हणाल्या. "घसा बघा त्यांचा."

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावला. घसा लालबुंद. बायको म्हणाली, "परवापासून मुलीचाही घसा धरलाय. तिलाही तापच होता."

हळूताईंचा जीव भांड्यात पडला. रसायनतज्ज्ञ दारातल्या स्टुलावर मटकन बसला आणि चष्मा पुसत राहिला.

बेकरीवाला अजून डोळे मिटूनच होता. "सिस्टर, काढणार कधी? एकदाचं उरका."

"काढून झाली की."

त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा. "मग मी इतका वेळ दात का आवळलेत?"

बायकोला हसू आवरेना.

जखमेतला नमुना तपासायला पाठवला, तोही दोन दिवसांनी स्वच्छ आला. घशाच्या गोळ्यांनी ताप उतरला. एकोणिसाव्या दिवशी जखम पुरती मिटली.

त्या दिवशी हळूताई घरी गेल्या, दोन वेळा वाढून घेऊन जेवल्या आणि भर दुपारी अशा झोपल्या की यजमानांनी दोनदा येऊन श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

त्या फेरीत वीस रोगी झाले. सतरा जणांच्या जखमा वेळेत भरल्या, दोघांना जास्त दिवस लागले, आणि एकीच्या जखमेत पू झालाच. तिला जुन्या उपचारावर आणून बरं केलं. डॉक्टरीणबाईंनी तेही अहवालात स्पष्ट लिहिलं. आता तीन हॉस्पिटलांत मोठी चाचणी आहे. पट्टी दुकानात यायला अजून किती वर्षं लागतील कोण जाणे.

हळूताई आठवड्यातून दोनदा जातात. मध्यंतरी त्यांनी नवीच तक्रार काढली: पट्टी धरायला जागाच नाही, मोज्यातली बोटं घसरतात. रसायनतज्ज्ञ कुरकुरला, साचा बदलावा लागेल म्हणाला, आणि महिन्याभराने एका कोपऱ्याला बोटभर मोकळी किनार ठेवलेली पट्टी घेऊन आला.