कान लहान केले त्यांनी

त्या सिनेमाचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

भूकंपानंतर वसवलेल्या गावात आम्ही दोघी बहिणी वाढलो. एकसारख्या घरांच्या रांगा, आणि ट्रॅक्टर जरा जोरात गेला तरी दारात येऊन उभी राहणारी मोठी माणसं. शाळा सुटली की आम्ही टीव्हीवर एक कार्टून बघायचो. त्यातल्या मुलीचे कान सुपाएवढे होते. ती जमिनीला कान लावायची आणि खाली काय चाललंय ते तिला कळायचं. गाव आधी तिला हसायचं, मग तिचं ऐकूनच वाचायचं. आमच्या गल्लीतली पोरं फरशीला कान लावून पडायची. ते बघून मोठी माणसं हसत नसत.

माझ्या आक्काचे कान तसेच. वर्गात तिला सुपकानी म्हणत. कार्टून आलं आणि ती केस घट्ट मागे ओढून दोन वेण्या घालू लागली. कुणी चिडवलं तर म्हणायची, "हाव, लई ऐकू येतं मला. तू घरी मार खातानाचं पण."

दहा वर्षांनी त्याच कार्टूनचा खऱ्या माणसांचा सिनेमा आला. आक्का तेव्हा लातुरात, मेडिकलसाठी दुसऱ्यांदा क्लास लावून, एका खोलीत चौघींत राहत होती. मी नांदेडला कॉलेजात. एकदा लातूरला जाऊन, तिची रविवारची टेस्ट संपल्यावर मीच तिला सिनेमाला नेलं.

पडद्यावर गोरीपान मुलगी आली. नाजूक कान, त्यांत डूल. ऐकू यावं म्हणून एका शास्त्रज्ञाने तिला कानात घालायचं चमकणारं यंत्र दिलं होतं. मोठे कान एकालाच होते, घरच्या नोकराला. तो आला की सगळं थिएटर हसायचं. ज्या गोष्टीत कानांशिवाय दुसरं काही नव्हतं, त्या गोष्टीचे कान यांनी कापले आणि हसण्यासाठी गरिबाला चिकटवले. एवढा पैसा ओतून यांनी आमच्या शाळेतल्या टवाळ पोरांचंच म्हणणं खरं ठरवलं.

पुढच्या रविवारी मी परत लातूरला गेले, तर आक्काने केस मोकळे सोडले होते. कान झाकलेले.

"उकडत न्हाई का?"

"न्हाई."

मी अक्षरं पत्रकांवरून शिकले. पडक्या घरांच्या मागण्यांची पत्रकं बाबा आठवडी बाजारात वाटायचे. त्यांचे दोन नियम होते. पत्रकात एक खरं उदाहरण द्यायचं, आणि मागची बाजू कोरी सोडायची, म्हणजे माणूस कागद फेकत नाही. मी नांदेडला पत्रक छापून घेतलं. मागणी एक : आमच्या मुलीचे कान परत करा. मागणी दोन : त्या नोकराला गोष्टीचा नायक करा. उदाहरण आक्काचं. मग लातूरला क्लासच्या गल्लीत, बॅच सुटायच्या वेळी उभी राहिले.

पोरांनी पत्रकं हातोहात नेली. मला वाटलं, पेटलं. खरं म्हणजे त्यांना रफ वर्कला कोरा कागद हवा होता. आक्काची खोलीतली मैत्रीण अशाच एका कागदावर फिजिक्सचं गणित सोडवत बसली होती. आक्काने तो उलटा करून वाचला. मी खोलीवर पोचले तेव्हा ती दारातच होती.

"येडे, माझ्या कानांची पत्रकं वाटायलीस?"

"नाव कुठं टाकलंय तुझं?"

"गाव टाकलं, क्लास टाकला, कान टाकले. नाव कशाला पायजे?"

थिएटर तासभर हसलं असेल. मी ते हसू तिच्या गल्लीत आणून वाटलं होतं, तेही न्यायाच्या नावाखाली.

"आणि परत करा म्हणजे काय? कुठं गेलेत माझे कान?" माझ्या हातातल्या उरलेल्या गठ्ठ्याचं रबर तिने ओढून काढलं, केस मागे खेचले आणि करकचून बांधले. "बघ. जाग्यावर हायत."

मग गठ्ठाही घेतला, कोऱ्या बाजूवर गणित मांडलं आणि मान वर न करता म्हणाली,

"मागणी दोन बरी हाय."