माझ्या नावाचा घास

आमच्या घरात मेलेली माणसं वेळेवर जेवायची. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पूर्वजांचा भारी अभिमान. तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून कर्नाटकात उतरलेले ते सरदार. त्यांतला एखादा नुसता घोड्यांना चारा घालणारा असेल, अशी शंका घरात कुणी काढत नसे. आई मराठी महिलांच्या मंडळाची अध्यक्ष. दोघं मला कधी रागावली नाहीत. त्यासाठी मी आधी त्यांच्या नजरेला पडायला हवं होतं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. पितृपक्ष चालू होता. राजाजीनगर ही आमची वसाहत तेव्हा नवी होती. आमच्यापुढे चार घरं, मग निलगिरीची झाडं, मग काहीच नाही. अण्णांनी गच्चीच्या कठड्यावर एकेका पूर्वजाचं नाव घेऊन भाताचे घास ठेवले. कावळा शिवेपर्यंत कुणी जेवायचं नाही. तो येईना. शेवटी अण्णांनी हात जोडून घराण्याचा इतिहास छापायचं कबूल केलं, तेव्हा कुठे एक उतरला.

मग घाई झाली, कारण दोघांना मंडळाच्या समारंभाला जायचं होतं. भटजींची पानं उठली, नातेवाइकांची उठली, उरलेलं गाईला गेलं.

"आई, माझं पान?"

आई आरशासमोर नथ घालत होती. "भटजींची दक्षिणा दिलीत ना हो?" तिनं अण्णांना विचारलं. दार ओढून दोघं गेली.

घर एकदम गप्प झालं. मी "आई" म्हणून पाहिलं. आवाज माझ्या तोंडातून निघाला की बाजूच्या खोलीतून, ते कळेना. भिंतीवरच्या तसबिरी मात्र माझ्याकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावं तशा पाहत होत्या. तेव्हा मला वाटलं, मी मेले असेन. नुकतीच, अजून कुणाला कळवलेलं नसेल.

खात्री करायचा एकच मार्ग मला ठाऊक होता. स्टोव्ह पेटवला, पहिल्यांदाच. बोट भाजलं. पण त्यावरून काही ठरेना. नरकातही भाजतं, असं भटजी सांगत. भात खाली लागला, वर कच्चा राहिला. त्याचा एक घास कठड्यावर ठेवला आणि अण्णांसारखंच वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव घेतलं.

हात मागे घेण्याआधीच कावळा आला. कुठून, ते दिसलं नाही. एका डोळ्यानं त्यानं मला नीट पाहिलं आणि घास उचलला.

भूक मात्र होतीच. उरलेला भात मी मीठ घालून खाल्ला आणि पातेलं घासून पालथं घातलं.

दोघं परतली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते.

"भाताचा वास येतोय स्वल्प," अण्णा म्हणाले. "कुणी शिजवला?"

"कोण शिजवणार? घरात कुणी नव्हतं," आई म्हणाली आणि पदर सावरून मला ओलांडून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी उठून स्टोव्ह पेटवला. पुढे शाळेतली नावनोंदणी, ताप, परगावची नोकरी, सगळं माझं मीच पाहिलं. लोक कौतुकानं म्हणतात, पोरगी लहानपणापासून स्वावलंबी. मी जिवंत आहे का, हे मात्र त्या दोघांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि आई नथ घालत राहिली असती, तर?