झोपलेला तोफगोळा

अख्खी नोकरी मी लष्करी प्रयोगशाळेत काढली, तीही फ्यूजवर. फ्यूज म्हणजे तोफगोळ्याच्या टोकाशी बसवलेलं यंत्र, जे गोळा कधी फुटायचा ते ठरवतं. नोकरीत असताना याबद्दल घरीसुद्धा बोलायची सोय नव्हती, त्यामुळे निवृत्तीनंतर कुणी बोलायला सांगितलं की मी थांबत नसे. गेल्या हिवाळ्यात नाशिकला त्र्यंबक नाक्याजवळच्या मैदानावर शस्त्रांचं प्रदर्शन भरलं. गोळ्याचं विज्ञान लोकांना मराठीतून समजावून सांगायला मला बोलावलं होतं. इतर टेबलांवर मंडळी इंग्रजी तक्ते वाचून दाखवत होती. माझ्या टेबलापुढची गर्दी मात्र हटत नव्हती आणि मी चांगलाच फुगलो होतो.

माझ्यापुढे उभा चिरलेला, आतून रिकामा गोळा होता. त्यातली पितळी चकती बोटाने फिरवून मी सांगायचो, “तोफेतून सुटला की हा गरगर फिरतो. फिरला की ही कडी सुटते आणि हा जागा होतो. तोवर झोपलेला. ट्रकमधून न्या, हिसके बसू द्या, जागा व्हायचा नाही.” ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची भीती उतरायची. ती उतरताना बघायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बचत गटाच्या बायका आल्या. त्यांच्यातल्या साठीच्या एका मावशींनी दोनदा विचारलं, “म्हंजी नुसता पडून असला तर काय करत नाय?”

“काही नाही, मावशी. पडलेला म्हणजे झोपलेला.”

त्या हसल्या. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि बायका पुढच्या टेबलाकडे गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी अभिप्रायांची वही उघडली. स्वतःचं कौतुक वाचायची मला हौस, सांगायला लाज वाटते. गटातल्या कुणीतरी त्या मावशींसाठी लिहून दिलं होतं. खाली गावाचं नाव होतं, गोळीबाराच्या सरावाच्या मैदानाला लागून असलेलं. वर लिहिलं होतं, ‘आमच्या शेतात बॉम्ब पडला आहे. तो झोपलेला आहे हे आज समजले. साहेबांचे आभार.’

घास तोंडातच राहिला. शेतात पडलेला गोळा म्हणजे तोफेतून सुटलेला, वाटेत गरगर फिरलेला आणि तरीही न फुटलेला. त्याची कडी केव्हाच सुटलेली असते, एखादा धक्का पुरतो. हे मला पाठ होतं. सांगणं सुटसुटीत राहावं म्हणून नेमकं तेवढंच मी गाळलं होतं.

शेजारच्या टेबलावर निफाडकडचे एक सुभेदार होते. वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचलं आणि जेवणाचा डबा बंद केला. वरिष्ठांना फोन, बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाला फोन, पोलिसांना फोन. गावच्या पोलीस पाटलांचा फोन काही लागेना.

“पथकाला यायला वेळ लागंल. तुमची गाडी हाय ना? चला,” ते म्हणाले.

गाडी मी चालवत होतो. सिग्नलला हॉर्नवर हात दाबून बसलो, आयुष्यात कधी केलं नव्हतं ते. “मावशी बसने निघाल्या असतील, अजून घरी पोचल्या नसतील,” मी म्हणालो.

“मोबाइल असंल की त्यांच्याकडं. घरी सांगितलं बी असंल,” सुभेदार म्हणाले. मी गाडीचा वेग वाढवला.

आम्ही पोचलो तेव्हा मावशी नुकत्याच बसमधून उतरून घराकडे निघाल्या होत्या. मला बघून त्यांना आनंदच झाला. “साहेब, तुमी कशाला आले? उद्या आमीच आनून देनार होतो तुमच्या टेबलावर ठेवायला. सूनबाईला फोन केलाय, घरी आनून धुऊन ठेव म्हनून.”

घराच्या वाटेवरच त्यांचं शेत लागलं. कडेला बाभळीच्या काट्यांचं गोल कुंपण होतं. एका बाजूचे काटे ओढून काढलेले. आतला खळगा रिकामा होता.

घरामागच्या मोरीवर सून उकिडवी बसली होती. पुढ्यात गोळा. नारळाच्या शेंडीने ती त्याच्या टोकावरचा चिखल खरखर घासत होती. मी ओरडायला तोंड उघडलं, तोच सुभेदारांनी माझा दंड असा आवळला की वळ उठला. ती दचकली असती तर काय झालं असतं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“ताई,” ते हळू म्हणाले, जेवायला हाक मारावी तसे. “हात काढा. त्याला हलवू नका. आता उठा. सावकाश या माझ्याकडं.”

तिचा हात गोळ्यावरच होता. “पन आत्या म्हनल्या, साहेबांनी सांगितलंय, झोपलेला हाय.”

“तो साहेब मीच,” मी म्हणालो. “चुकलो मी. उठा, ताई.”

ती उठली. तिला आमच्यापर्यंत यायला लागला तेवढा लांब वेळ मी कधी काढलेला नाही. जवळ आल्यावर तिने ओले हात पदराला पुसले.

सुभेदारांनी आसपासची घरं रिकामी करवली. पथक आलं. गोळा हलवण्यासारखा नाही म्हणाले, भोवती वाळूच्या गोण्या रचल्या आणि ऊन उतरायच्या आत तिथेच फोडला. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या आमच्या पायाखालची जमीन हादरली. मोरी गेली, मागची भिंत अर्धी गेली, कौलं खाली आली.

मी मावशींपाशी गेलो. “चूक माझी आहे, मावशी. तुमची नाही, सूनबाईंची नाही. मी अर्धंच सांगितलं.”

त्या घराकडे पाहत होत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“दोन पावसाळे त्यो शेतात होता, साहेब,” त्या म्हणाल्या. “चौकशी मागं लागंल म्हनून कुनाला बोललो नाय, ती आमची चूक. पन काटं लावून ठेवलं व्हतं. शेळीबी फिरकू दिली नाय तिकडं. दोन वरसं कुनी हात लावला नवता त्याला. तुमी समजावून सांगितलं, तवा लावला.”